शर्टाचं माप

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात ऑटिस वही घेऊन सगळ्यांच्या शर्टांची मापं विचारत फिरला आणि मला वगळून गेला.

ऑटिस म्हणजे आमच्या विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा सामानवाला. हेल्मेटं, बूट, पॅड, टॉवेल, सगळं त्याच्या ताब्यात. कोचांचे पुढच्या हंगामाचे शर्ट जानेवारीतच मागवावे लागतात, कारण छातीवर चिन्ह शिवून यायला वेळ लागतो. आणि मुख्य कोच त्याला आधीच कानात सांगून ठेवतो, अमक्याचा मागवू नकोस. उगाच कशाला वाया घालवा. त्यामुळे आमच्या धंद्यात एखाद्याला काढणार हे त्याच्या आधी सामानवाल्याला कळतं. कुठल्याही सहायक कोचला विचारा, जानेवारीत त्याचं लक्ष ऑटिसच्या वहीकडे असतं. करारबिरार सगळं नंतर.

माझ्या टेबलापाशी येऊन ऑटिस थांबला, खिडकीबाहेर बघितलं, म्हणाला, "थंडी पडलीय नाही?" आणि पुढच्या टेबलावर गेला. चार वर्षांच्या ओळखीत त्या माणसाने माझ्याशी हवामानावर कधी चकार शब्द काढला नव्हता.

मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होतो. वाढलो नेब्रास्कात, गुडघा मोडला म्हणून खेळ सुटला, आणि दुसरं काही येत नव्हतं म्हणून कोच झालो. पहिली दोन वर्षं सामन्यांच्या फिती कापण्यात आणि मोठ्या कोचांच्या गाड्या धुऊन आणण्यात गेली. मग कॅन्सस, आयोवा, टेक्सासात दोन ठिकाणी, जॉर्जिया, परत आयोवा, आणि हे सातवं. सगळीकडे काम एकच. पुढच्या फळीतल्या पाच धिप्पाड पोरांना ढकलायला शिकवायचं. चेंडू त्यांच्या हाती कधी येत नाही, फोटो त्यांचा कधी छापत नाहीत, आणि त्यांच्या कोचचं नाव तर त्यांच्या आयांनाच ठाऊक असतं. मुख्य कोच हरला की त्याच्याबरोबर आम्ही नऊ सहायक रस्त्यावर. तो जिंकला की तो मोठ्या ठिकाणी जातो, आणि आम्ही तरीही रस्त्यावर. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाला निदान कपाटं उचलावी लागत नाहीत.

त्या संध्याकाळी मार्लाने, माझ्या बायकोने, जेवताना विचारलं, "ऑटिस आला होता का?"

दर जानेवारीला ती हे विचारते. तिला सगळं माहीत असतं.

"आला होता," मी म्हणालो. "डबल एक्सेल लिहून घेतलं. जरा घट्टच होतो म्हटलं, पण त्याच्या पुढचं घातलं तर तंबू वाटतो."

ती हसली नाही. बटाटे माझ्याकडे सरकवले. समोर बेका, आमची मुलगी, पुस्तकात डोकं घालून जेवत होती. ती अकरावीत होती आणि ही तिची सहावी शाळा. मार्लाने माझ्याकडे आयुष्यात फारसं काही मागितलं नाही, पण इथे आलो तेव्हा एक मागितलं होतं: बेकाची बारावी याच शाळेत होऊ दे. मी म्हणालो होतो, होईल. तेव्हा काही जात नव्हतं म्हणायला.

आता प्रश्न असा की काढायचंच होतं तर ब्रँटली गॅस्किनने, आमच्या मुख्य कोचने, मला जानेवारीतच का काढलं नाही? उत्तर होतं कॉर्डेल पिटमन. मिसिसिपीच्या सपाट मुलखातलं पोरगं, सहा फूट पाच इंच उंच, तीनशे दहा पौंड, आणि पायाने हरणासारखं हलकं. देशभरातले कोच त्याच्या दारात येऊन गेले होते. त्याने मला शब्द दिला होता. गॅस्किनला नव्हे, विद्यापीठाला नव्हे, मला. दोन वर्षं मी त्या पोराच्या शाळेत खेटे घातले होते.

पण शब्दाला किंमत नसते, कागदाला असते. फेब्रुवारीतल्या पहिल्या बुधवारी पोरं अमक्याच विद्यापीठाकडून खेळणार अशा कागदावर सही करतात आणि शाळेतून फॅक्स करतात. एकदा केली की पोरगं बांधलं गेलं. मागे फिरलं तर एक वर्ष मैदानाबाहेर बसायचं. कोचला मात्र कुठलाच कागद बांधत नाही. म्हणून ज्याला जायचं असतं तो बुधवारपर्यंत तोंड शिवून बसतो, आणि ज्याला काढायचं असतं त्यालाही बुधवारपर्यंतच पोसतात.

हे सगळं मला कळत होतं. तरी बुडत्याला काडीचा आधार. मी मनाशी ठरवलं, कॉर्डेलला आणून दाखवू, गॅस्किन स्वतः ऑटिसला बोलावून म्हणेल, रॉयसचाही एक मागव.

शेवटच्या आठवड्यात मी कॉर्डेलच्या घरी गेलो. त्याची आई ओडेसा पिटमन, सगळं गाव तिला मिस ओडेसा म्हणायचं, माशांच्या कारखान्यात कामाला होती. दिवसभर उभं राहून मासे सोलायचे. तिने टेबलावर तळलेला मासा, शलगमाचा पाला आणि मक्याची भाकर मांडली होती.

"दिवसभर मासेच बघते, म्हणून घरी करणार नव्हते," ती म्हणाली. "पण कोंबडी तर सगळेच कोच खाऊन जातात. म्हटलं, तुम्ही वेगळे आहात का बघू."

कॉर्डेल खाली मान घालून हसला. मी दोनदा वाढून घेतलं. मग तिने हात पुसले आणि म्हणाली, "कोच डेंगलर, जरा फ्रीजकडे बघा."

फ्रीजच्या दारावर चुंबकाखाली एक व्हिजिटिंग कार्ड होतं. कडा पिवळ्या पडलेल्या.

"ते लामॉन्टच्या कोचचं. माझा थोरला. तो माणूस तुम्ही बसलात त्याच खुर्चीत बसला होता. तीन वाट्या भाजी खाल्ली. म्हणाला, मिस ओडेसा, चार वर्षं पोराच्या पाठीशी उभा आहे. बुधवारी लामॉन्टने सही केली आणि शुक्रवारी हे साहेब दुसऱ्या राज्यात. नव्या कोचने माझ्या पोराकडे ढुंकून बघितलं नाही. आता टायरच्या दुकानात आहे."

"वाईट झालं, मॅम."

"झालं ते झालं. पण कार्ड मी फेकलं नाही. रोज फ्रीज उघडताना दिसतं. तर आता मला स्टेडियम किती मोठं आणि जेवण किती चांगलं ते सांगू नका. तुम्ही याला चार वर्षं शिकवणार का, तेवढं सांगा."

"मला ठेवतील तोवर मी कुठे जात नाही."

"हे वकिलाचं बोलणं झालं, कोच."

"मी जाणार नाही," मी म्हणालो. आणि हे खरं होतं. मी जाणार नव्हतोच. मला घालवणार होते.

तिने माझं ताट उचललं. तिच्या बोटांवर सुरीचे बारीक व्रण होते. म्हणाली, "बघते. बुधवारी सकाळी शाळेतून फोन करीन. माझ्या सहीशिवाय तो कागद चालत नाही, एवढं मला ठाऊक आहे."

निघताना माझं कार्ड मी टेबलावर ठेवलं. तिने ते उचलून एप्रनच्या खिशात टाकलं.

बुधवारी सकाळी सात वाजल्यापासून आम्ही सगळे फॅक्सच्या खोलीत. गॅस्किन मधोमध, हातात कॉफी. गॅस्किन म्हणजे गोडबोल्या. कुणावर आवाज चढवणार नाही, प्रत्येक वाक्यात देवाचं नाव, आणि केसाने गळा कापणार. नऊ वाजेपर्यंत अठरा कागद आले. कॉर्डेलचा आला नाही. कॉफी पिता पिता गॅस्किन दर पाच मिनिटांनी म्हणे, "रॉयस, तुझं पोरगं कुठे अडकलंय रे?"

सव्वानऊला फोन वाजला. गॅस्किनने तो स्वतः उचलून माझ्या हातात दिला आणि तिथेच उभा राहिला.

"कोच डेंगलर, मी शाळेच्या ऑफिसात आहे," मिस ओडेसा म्हणाली. "कागद समोर आहे, पेन माझ्या हातात आहे. कॉर्डेलने सही केली. आता साध्या भाषेत सांगा. तुम्ही तिथे असणार का?"

गॅस्किन माझ्याकडे बघत होता. मी त्याच्या शर्टावरच्या चिन्हाकडे बघत होतो. एक वाक्य म्हटलं असतं, मिस ओडेसा, मला माहीत नाही, तरी पुरलं असतं. ते पोरगं दुसरीकडे गेलं असतं. तीन ठिकाणं त्याच्यासाठी त्या क्षणी फोन धरून बसली होती. पण माझ्या डोळ्यांपुढे बेका होती, पुस्तकात डोकं घालून जेवणारी.

"हो, मॅम. मी इथेच आहे."

"देवाला स्मरून?"

"देवाला स्मरून."

दोन मिनिटांनी मशीन घरघरलं. कागद बाहेर आला. कॉर्डेलची सही वाकडीतिकडी, तिच्याखाली आईची, गोल अक्षरांत, शाळेत शिकवतात तशी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गॅस्किनने माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, झालं. जमलं. खरंच वाटलं मला तसं, दोन तास वाटत होतं.

साडेअकराला त्याने ऑफिसात बोलावलं.

"बस, रॉयस. देवाची साक्ष आहे, हे मला सोपं नाही. पण मला फळी नव्या दिशेने न्यायची आहे."

वीस वर्षं बघतोय, जो तो नव्या दिशेने चाललाय. पोचलेला अजून एकही भेटला नाही.

"हे मला सकाळी सांगता आलं असतं," मी म्हणालो.

"सकाळी पोरगं आलं नव्हतं ना," तो म्हणाला. अगदी सहज. त्या माणसाच्या तोंडून चार वर्षांत निघालेलं तेवढंच एक सरळ वाक्य.

गरज सरो, वैद्य मरो. मी टेबल रिकामं केलं. ऑटिस कॉरिडॉरमध्ये भेटला, माझ्या हातातली पेटी घेऊन गाडीपर्यंत आला.

घरी गॅरेजचं दार उघडं होतं. आत पुठ्ठ्याची खोकी उघडून, खाली चिकटपट्टी लावून रांगेत ठेवलेली होती. दर वेळी सामान लावून झालं की मार्ला ती घड्या घालून पलंगाखाली ठेवते, फेकत नाही.

"कुणी फोन केला तुला?" मी विचारलं.

"कुणी नाही. तीन आठवड्यांपूर्वी ऑटिसची बायको किराणा दुकानात भेटली. माझा हात धरून रडली. आणि तू म्हणे डबल एक्सेल."

"मग बोलली का नाहीस?"

"तू बोललास?"

बेका खोलीतून बाहेर आली नाही. तिची बारावी पुढे ओहायोत झाली, जिथे तिला एक माणूस ओळखत नव्हतं. आता ती मोठी आहे, नोकरी करते, दर रविवारी आईला फोन करते. माझी चौकशी आईकडे करते.

चार वाजता मिस ओडेसाचा फोन आला. मागे यंत्रांची घरघर होती, म्हणजे कारखान्यातून बोलत होती. बातमी रेडिओवर लागली होती.

"मला एकच विचारायचंय," ती म्हणाली. "सकाळी तुम्ही देवाला स्मरून हो म्हणालात. तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

आता बघा. मला कुणी सांगितलं नव्हतं. कागद नव्हता, चिठ्ठी नव्हती. एका सामानवाल्याने थंडीविषयी विचारलं, एवढंच घडलं होतं. कुठल्याही कोर्टात मी सुटलो असतो.

"नाही, मॅम. मलाही साडेअकरालाच कळलं."

तिचा आवाज एकदम मऊ पडला. "म्हणजे तुम्हालाही फसवलं त्यांनी."

"हो."

"तरीच. माझं मन घेत नव्हतं. मी सकाळपासून तुमचं कार्ड खिशात घेऊन फिरतेय, कोच. घरी गेले की लावणार होते फ्रीजवर, त्याच्या शेजारी. बरं झालं विचारलं." मग म्हणाली, "बायको कशी आहे तुमची? जेवली का?"

पुढच्या आठवड्यात टपालाने बिस्किटांचा डबा आला. आत टॉवेलात गुंडाळलेला साखर करपवून केलेला कॅरमल केक, आणि मार्लाच्या नावाने चिठ्ठी: अन्याय झालेल्या माणसांनी उपाशी राहू नये. मार्लाने उभ्याउभ्याच एक तुकडा खाल्ला. बाकीचा मी खाल्ला. फार छान झाला होता. त्यानंतर दर ख्रिसमसला तो डबा येत राहिला. ओहायोत आला, कॅन्ससमधल्या आडगावच्या कॉलेजात आला, ओक्लाहोमातल्या शाळेवर होतो तिथेही आला. मी कुठे आहे ते माझ्या सख्ख्या भावाला ठाऊक नसायचं, पण त्या बाईला बरोबर ठाऊक असायचं.

शेवटी शाळेवरूनही काढलं. मग उरली हॉटेलची लॉबी. दर जानेवारीला देशभरचे कोच एका मोठ्या हॉटेलात संमेलनाला जमतात. ज्यांना नोकरी आहे ते वरच्या सभागृहांत भाषणं ऐकतात. ज्यांना नाही ते खाली, दारापाशी, कोटाच्या आतल्या खिशात स्वतःची माहिती छापलेले कागद घेऊन उभे राहतात. ओळखीचा कुणी लिफ्टमधून उतरला की हसत पुढे व्हायचं. मी तीन वर्षं तिथे उभा राहिलो. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं मोबाइलवर बोलत असल्याचं नाटक करत समोरून जायची. फोन बंद असायचा, मला दिसायचं.

तिसऱ्या वर्षी कुणीतरी मागून येऊन मला जमिनीवरून उचललं. कॉर्डेल पिटमन. माझ्या जागी आलेल्या गॅस्किनच्या माणसाने त्याला नीट वापरला नव्हता. वरच्या लीगमध्ये गेला नाही, पण पाच वर्षं तग धरून पदवी घेतली आणि तोही या चरकात आला. अठ्ठाविसाव्या वर्षी आर्कान्सॉतल्या एका लहान कॉलेजात नव्या पोरांच्या भरतीचा प्रमुख होता.

"कोच, इथे काय करताय तुम्ही? अन् मला फोन नाही होय?" तो म्हणाला. "आईला कळलं ना, तर मला सोलून काढेल. ती म्हणते, आपल्यापायी त्या माणसाचं वाटोळं झालं. खोटं बोलून नोकरी वाचवता आली असती त्याला, पण बोलला नाही."

असं तिने त्या गोष्टीचं काय काय करून ठेवलं होतं. मी तोंड उघडलं नाही.

त्याने मला तिथे चिकटवलं. फेब्रुवारीत पहिल्या दिवशी सामानाच्या खोलीतली बर्निस वही घेऊन आली. "शर्टाचं माप काय, कोच?" माझे डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू. मी सत्तावन्न वर्षांचा होतो.

त्या वसंतात मार्लाने मागच्या अंगणात पीचचं झाड लावलं. इतक्या वर्षांत तिने जमिनीत कधी काही लावलं नव्हतं. सगळं कुंड्यांत, उचलून नेता येईल असं. पीच तिसऱ्या उन्हाळ्यात फळ धरतं म्हणाली. खोकी मात्र तिने फेकली नाहीत. पलंगाखालीच होती.

तिथला दुसरा जानेवारी आला. बर्निसने माझं माप लिहून घेतलं, मग दार लोटून घेतलं. "तुझ्या चेल्याने स्वतःचा मागवू नको म्हटलंय," ती म्हणाली. "लुइझियानात मोठ्या ठिकाणी चाललाय. सहीच्या बुधवारनंतर. तुला म्हणून सांगितलं, कुठे बोलू नकोस."

मी नाही बोललो. मला राग आला का? नाही. धंदाच तो. वाटलं, शिकला पोरगा.

त्याच आठवड्यात आम्ही दोघं हॉबर्ट स्क्रॉगिन्सकडे गेलो. कोंबड्यांच्या चार लांबलचक शेड, बायको वारलेली, एकुलतं एक पोरगं, फळीत खेळणारं. दुपारची वेळ होती. स्क्रॉगिन्सने हरणाचं मांस आणि पावासारखी मऊ बिस्किटं पुढे ठेवली आणि स्वतः न खाता हाताची घडी घालून बसला.

"राहणार, राहणार म्हणून सगळेच सांगतात," तो म्हणाला. "मी कोंबडी विकत घेतो तेव्हा सुद्धा विकणाऱ्याचं तोंड बघत नाही, कोंबडीचं बघतो. तुमची मला कोंबडी दिसत नाहीये."

कॉर्डेल गालात हसला. मग त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळी गोष्ट सांगितली. आईचा फ्रीज, लामॉन्टचं कार्ड, सव्वानऊचा फोन, साडेअकराची हकालपट्टी. छान सांगितली, माझ्यापेक्षा चांगली. "माझ्या आईने त्याच दिवशी यांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? आणि माझी आई माणूस ओळखते. तिने यांचं कार्ड फ्रीजवर लावलं नाही. बारा वर्षं केक पाठवते. हा माणूस खोटं बोलत नाही, मिस्टर स्क्रॉगिन्स. आणि मी यांचा विद्यार्थी आहे."

स्क्रॉगिन्सने त्याच्याकडे बघितलंच नाही. खुर्ची माझ्याकडे वळवली.

"मग तुम्हीच सांगा की. हा माणूस इथे राहणार का?"

कॉर्डेल ताटातल्या बिस्किटाकडे बघत होता. त्याचे हात मांडीवर होते. शेजारी ते पोरगं बसलं होतं, लालबुंद कान, मान कशी धरावी कळत नव्हतं त्याला. म्हटलं तर बोलायचं होतं दोन शब्द. साहेब, बुधवारपर्यंत थांबा. पण मग कॉर्डेलचं लुइझियाना गेलं असतं, आणि त्याच्यामागोमाग मीही. त्या उन्हाळ्यात झाडाला फळ धरायचं होतं.

"राहणार," मी म्हणालो. "मी त्याला सोळाव्या वर्षापासून ओळखतो."

स्क्रॉगिन्सने हाताची घडी सोडली आणि बिस्किट घेतलं.

परत येताना गाडी कॉर्डेल चालवत होता. पुढे कोंबड्यांचा ट्रक होता, पिसं उडून आमच्या काचेवर येत होती.

"बर्निसने तुम्हाला सांगितलं?" त्याने विचारलं.

"कशाचं?"

"माझ्या शर्टाचं, कोच."

"सांगितलं."

"कधी?"

"सोमवारी."

मला वाटलं, आता आभार मानेल. खरंच, मी वाट बघत होतो त्याची.

"मी ताटात बघत होतो," तो म्हणाला. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक नाहीये. म्हणून मला लाज वाटत होती, तुमचा असा वापर करतोय म्हणून. आणि तुम्हाला सगळं ठाऊक होतं. एवढं सहज बोललात. पापणी नाही लवली."

"तुझ्यासाठीच बोललो ना रे."

त्याने गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. ट्रक पुढे निघून गेला.

"त्या वर्षी ऑटिसने तुम्हाला माप विचारलं होतं?"

हा प्रश्न बारा वर्षांत मला कुणी विचारला नव्हता. मिस ओडेसाला शर्टांचं काय माहीत असणार. तो या धंद्यात आला म्हणून त्याला विचारता आला.

"नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली, दोनदा, जणू काही हिशेब जुळला. मग म्हणाला, "या ख्रिसमसला केक आला होता?"

"आला होता."

"खाल्लात?"

"खाल्ला."

"मी चालवतो तोवर काही बोलू नका," तो म्हणाला, आणि गाडी रस्त्यावर घेतली.

बुधवारी स्क्रॉगिन्सच्या पोराचा कागद आला, बापाच्या सहीसकट. शुक्रवारी कॉर्डेल लुइझियानाला गेला. मला भेटला नाही. त्या दुपारी स्क्रॉगिन्सचे चार फोन आले, मी उचलले नाहीत. पोरगं माझ्याच फळीत आहे. सांगतो ते करतं, पण माझ्या तोंडाकडे बघत नाही.

झाडाला अकरा पीच लागले. मार्लाने त्यातले सहा बेकाला पाठवले.

मी वाट बघत राहिलो, मिस ओडेसाचा फोन कधी येतो याची. जुलै गेला, हंगाम सुरू झाला, संपला. डिसेंबरच्या वीस तारखेला बिस्किटांचा डबा आला, आत केक टॉवेलात गुंडाळलेला, दरवर्षीसारखा. कॉर्डेलने आईला सांगितलं नव्हतं. माझं खोटं सांगायचं तर त्याला स्वतःचं, स्क्रॉगिन्सकडचं, सांगावं लागलं असतं. मार्लाने सुरी आणली आणि विचारलं, केवढा कापू?